शॉकवेड

मच्छिंद्रच्या पदरात काय पडणार होतं ते आधी मांडून घेऊ, म्हणजे पुढं कुणाचं काय गेलं ते समजायला सोपं जाईल. चार वर्षं गच्चीवर झोपून धरलेली पाठ सुटणार होती. जेवताना बायको, सविता, समोर बसली की नजर भाजीच्या वाटीत घालावी लागायची, ती वर उचलता येणार होती. आणि बाजारात एखादं गिऱ्हाईक बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारून "मच्छूशेठ, दम हाय ना ह्येच्यात?" असं विचारायचं, तेव्हा ते आपल्यालाच विचारतंय असं वाटायचं, तेही थांबणार होतं.

खर्चाच्या बाजूला सहा सिटिंगचे तीस हजार, नगरचे सहा हेलपाटे आणि एक खोटं. "शुगरच्या डॉक्टरकडं चाललोय." हे खोटं सगळ्यात स्वस्त पडेल, असा मच्छिंद्रचा अंदाज होता. तीस वर्षं दुसऱ्याच्या जनावराचा भाव करणाऱ्या माणसाचा स्वतःचा अंदाज असा चुकावा, याचा धक्का काष्टीला अजून ओसरलेला नाही.

मच्छिंद्र काष्टीच्या बाजारात बैलांचा दलाल. वय त्रेपन्न. विकणारा आणि घेणारा यांच्या मध्ये उभं राहायचं, खांद्यावरचं उपरणं हातांवर टाकायचं आणि त्याखाली बोटांनी भाव बोलायचा, हा त्याचा धंदा. किती बोटं धरली, कितवं पेर दाबलं, तळवा ढकलला की ओढला, यावर हजारांचे सौदे होतात आणि खेटून उभ्या असलेल्या माणसालाही पत्ता लागत नाही. तोंडानं मच्छिंद्र कितीही फेकत असला तरी त्याची बोटं खोटं बोलत नाहीत, असं सगळा बाजार म्हणायचा. या नावावरच शेवगावकडचा जनावरांचा व्यापारी पुंजाराम याच्याशी सोयरीक जमली होती. मच्छिंद्रची निकिता आणि पुंजारामचा रविराज. सुपारी फुटली होती, तारीख दीड महिन्यावर होती, आणि दोघं पोरं फोनवर इतकं बोलायची की चार्जर गरम व्हायचा.

अकरा वर्षांच्या शुगरनं मच्छिंद्रचं शरीर एका बाबतीत चार वर्षांपूर्वीच संपावर गेलं होतं. श्रीगोंद्यात, दौंडात ओळखीचं कुणीतरी भेटणार, म्हणून त्यानं नगर गाठलं. तिथं पुरुषांच्या या आजाराचा एक डॉक्टर होता. मच्छिंद्रच्या धाकट्या भावाच्या वयाचाही नसेल.

"शॉकवेव्ह देऊ या," डॉक्टर म्हणाला.

मच्छिंद्रनं खुर्ची मागं सरकवली. "तितं? शॉक?"

"करंट नाही हो काका. आवाजाच्या लहरी असतात. बाहेरून मशीन टेकवायचं, वीस मिनिटं टिकटिक लागेल. रक्त वाहायला मदत होते."

"आन् मग?"

"काहींना फरक पडतो, काहींना नाही. तुमची शुगर जुनी आहे. ती आटोक्यात आणा, रोज चाला, तंबाखू सोडा. खात्री मी देणार नाही."

"खात्री न्हाई?" मच्छिंद्र शॉकचं विसरला आणि यावर हबकला. "डॉक्टर, आमी साधा गोऱ्हा इकला तरी पंधरा दिसाची खात्री देतो. औताला न्हाई चालला तर माघारी."

"मी तुम्हाला कुणाकडं माघारी पाठवू?" डॉक्टर म्हणाला.

पहिल्या सिटिंगला मच्छिंद्र पायात मुद्दाम रबरी चप्पल घालून गेला. करंट नाही म्हणाले तरी आपली सावधगिरी बरी. तिसऱ्या सिटिंगपर्यंत त्याला टिकटिकीची सवय झाली. फरक म्हणाल तर अजून काही नव्हता, पण तंबाखू सुटली होती.

मग तो फोन आला.

मच्छिंद्र मोबाईल ओट्यावर चार्जिंगला लावून डेअरीवर दूध घालायला गेला होता. शेजारच्या घरातली चुलत भावजय छबूबाई विरजण मागायला आली. फोन वाजत होता. वाजणारा फोन आणि उघडं दार यांना छबूबाई कधी नाही म्हणत नाही.

"मच्छिंद्र काकांचा नंबर ना? मी माधुरी बोलतेय, नगरहून, दवाखान्यातून. उद्या अकरा वाजता त्यांची शॉकवेव्हची चौथी सिटिंग आहे. वेळेवर पाठवा."

'शॉकवेव्ह' मधला 'वेव्ह' छबूबाईच्या कानात शिरताना वाटेत बदलला. तिनं ऐकलं, 'शॉक, वेड'. तिला जास्त फोड करून सांगायची गरज नव्हती. तिच्या सख्ख्या मामाला डोकं फिरल्यावर असेच शॉक दिले होते. दोन माणसं धरायला लागायची. छबूबाईच्या हातातलं भांडं पडलं. विरजण तिनं नेलंच नाही, बातमी नेली.

वाटेत भिमाबाई भेटली, मग पिठाची गिरणी, मग डेअरी. सविताला तिनं सगळ्यात शेवटी सांगितलं. ज्याचं घर जळत असतं त्याला धूर उशिराच दिसतो, त्याला छबूबाई तरी काय करणार?

"सविता, घाबरू नगंस. उद्या चौथा हाय. आजून लई असत्याल."

"काय चौथा?"

"शॉक. भावजींना. येडाचं."



दोन दिवसांत सगळ्या गावानं मच्छिंद्रची गेली चार वर्षं नव्यानं वाचून काढली. हा गच्चीवर का झोपतो? कुणाशी धड हसत का नाही? रस्त्यानं चालताना बोटं का हलवतो? दलाल माणूस भाव मनात घोळवताना बोटं हलवणारच; तीस वर्षं हलवत होता. पण आता त्या बोटांचा अर्थ फिरला. कुणी कुणी तर त्याला बाभळीशी बोलतानाही पाहिलं होतं. बाभळीकडून अर्थात दुजोरा मिळाला नाही.

शनिवारच्या बाजाराआधी एके दिवशी एका शेतकऱ्यानं दारात बैल दाखवायला बोलावलं. मच्छिंद्रनं उपरणं टाकलं, खाली हात घातला, आणि समोरच्यानं आपला हात काढून घेतला. विंचू चावल्यासारखा. "नगं, मच्छूशेठ. तोंडानंच बोलू. तुमाला त्रास नगं." मच्छिंद्रला काही कळेना. रिकाम्या उपरण्याखाली त्याचा हात तसाच राहिला.

घरी आला तेव्हा सविता गोठ्यात धार काढत होती. तिनं मान वर केली नाही.

"येड लागलंय व्हय तुमाला?"

"आं?"

"नगरला शॉक देत्यात म्हनं. डोक्याला. समद्या गावाला ठावं हाय. पुंजाराम पाव्हण्याचा फोन आलता. शनिवारी बाजाराला येतो म्हनले, तितंच काय ते बोलू. रविराजचा फोन सकाळपास्नं न्हाई. पोरगी आत रडती हाय."

 मच्छिंद्र गव्हाणीवर बसला. म्हणाला, "शॉक हाय. पन डोक्याला न्हाई."

"मग कुटं?"

त्यानं गाईकडं पाहिलं, छपराकडं पाहिलं. मग जमिनीकडं पाहून म्हणाला, "खाली."

धारेचा आवाज थांबला. गाईनंही मान वळवली.

"करंट न्हाई," मच्छिंद्र घाईनं म्हणाला, "आवाजाच्या लहरी असत्यात. रक्त वाहायला..."

"थांबा." सविता उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसता धक्का होता, आणि तो उतरत उतरत भलत्याच ठिकाणी चालला होता. "म्हंजी चार वर्सं ते... ते ह्येच्यामुळं?"

"मग कशामुळं वाटलं तुला?"

"मला वाटलं दौंडला कुनीतरी हाय."

"कुनाचं?"

"तुमचं!"

मच्छिंद्रचं तोंड उघडं राहिलं. घरच्या एकीला तोंड दाखवायची चोरी झालेल्या माणसावर बाहेरच्या दुसरीचा आळ, आणि तोही चार वर्षं! त्याला हसावं की रडावं कळेना.

"चार वर्सं तुमचा सदरा धुताना हुंगून बघती मी," सविता म्हणाली. "कुठल्या बाईचा वास येतोय का म्हनून. नुसता बैलांचा वास यायचा. तरी बी वाटायचं, लई हुशार असंल बाई."

बोलून ती वर गेली. गच्चीवरची त्याची वाकळ आणि उशी काखोटीला मारून खाली आली आणि आतल्या खोलीत टाकली. "फरक पडायचा तवा पडंल. आदी खाली या. मी कवा मागितलं व्हतं काय?"

मच्छिंद्रच्या फायद्याची पहिली रक्कम अशी मशीनच्या आधीच जमा झाली. पण तिच्यापुढं निकिताचं लग्न उभं होतं, आणि ते मोडलं तर बाकीच्या जमेला काही अर्थ नव्हता. वेडाचं घराणं म्हटल्यावर पुढचं स्थळ कोण आणणार? बरं, खरं सांगावं, तर सांगणार कुणाला? व्याह्याला? भर बाजारात?

निकिता डोळे पुसत दारात आली. तिला आईनं काही सांगितलं नव्हतं. "अप्पा, खरंच डोक्याचं असंल तर आसू द्या. लाजायचं काय त्यात? आपन पुन्याला चांगल्या डॉक्टरला दाखवू. मोडलं तर मोडलं माजं." बापाला हे शॉकपेक्षा जास्त लागलं.

सविताच शेवटी म्हणाली, "मुतखडा सांगा. मुतखडा फोडायला बी शॉकच देत्यात. डेअरीच्या गोरक्षनाथला दिल्ते."

शनिवारी बाजार भरला. पुंजाराम टेम्पोतून उतरला तोच तोंड वाकडं करून. अंगानं थोराड, बोटात जाड अंगठी, गालात तंबाखू. भोवती पाच-पन्नास व्यापारी उगाच बैलांचे दात बघत उभे राहिले. कान सगळ्यांचे इकडंच.

"पाव्हनं, या, चा घेऊ," मच्छिंद्र म्हणाला.

"चहाचं राहू द्या नं. काय ऐकू राहिलो आम्ही? शॉक घेऊ राहिले म्हनं तुम्ही?"

"मुतखडा हाय हो. फोडायला देत्यात."

पुंजारामनं तंबाखू या गालातून त्या गालात नेली. "मला दोनदा झाला मुतखडा. शॉकनंच फोडला. किती एमेमचा हाय तुमचा?"

"एमेम..." मच्छिंद्रला घाम फुटला. "आट-धा."

"डाव्या अंगाला का उजव्या?"

"मधी."

"मधी?" पुंजाराम मोठ्यानं हसला, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "सोनोग्राफी दाखवा. फाईल दाखवा. न्हाई नं? मग पाव्हनं, राग मानू नका. पोरगी लाखात एक हाय, पन डोक्याचा आजार रक्तात उतरतो. घरी मंडळींनी सांगून धाडलंय, सुपारी माघारी देऊन या. आपन इथंच..."

त्यानं खिशात हात घातला. तेवढ्यात मच्छिंद्रनं खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि त्याच्या दुसऱ्या हातावर टाकलं.

बाजाराचा एक नियम कुठं लिहिलेला नाही. उपरणं पडलं की व्यापाऱ्याचा हात आपोआप पुढं होतो. भांडण असो, वैर असो, उपरण्याखालचा हात कुणी नाकारत नाही. वेड्याला तेवढा तो अलीकडं नाकारला गेला होता. पुंजारामचा हात मात्र गेला. लोकांना वाटलं, मच्छिंद्र हुंडा वाढवतोय.

उपरण्याखाली मच्छिंद्रनं आपलं मधलं बोट पुंजारामच्या तळव्यावर ताठ टेकवलं आणि मग हळूहळू वाकवून पाडलं.

बाजाराच्या भाषेत असा आकडाच नाही. पुंजाराम गोंधळला. वाकलेलं बोट म्हणजे अर्धं, असं धरून तो पुटपुटला, "पाश्शे?"

मच्छिंद्रनं मान हलवली. पुन्हा बोट ताठ, पुन्हा आडवं. मग त्या पडलेल्या बोटाच्या बुडाशी अंगठ्यानं ठोकत राहिला. टिक, टिक, टिक. आणि बोट थरथरत अर्ध्यावर उचललं.

पुंजारामचा जबडा सुटला. तंबाखूचा गोळा धोतरावर पडला. तो मच्छिंद्रच्या तोंडाकडं बघत राहिला आणि मच्छिंद्र समोरच्या बैलाच्या शिंगांकडं. तीस वर्षांत उपरण्याखाली त्यानं शेकडो लोकांची गुपितं धरली होती. स्वतःचं पहिल्यांदाच कुणाच्या हातात ठेवलं होतं. आता हा हसणार. मोठ्यानं सांगणार. मग वेडा म्हणवून घेतलेलं परवडलं असतं, असं म्हणायची पाळी येणार.

पण पुंजाराम हसला नाही. उपरण्याखाली काहीतरी हललं. मच्छिंद्रच्या तळव्यावर एक जाड, अंगठीवालं बोट येऊन ताठ उभं राहिलं आणि धापकन पडलं.

आता धक्का बसायची पाळी मच्छिंद्रची होती. त्यानं डोळ्यांनी विचारलं, तुमचं? पुंजारामनं डोळे मिटून उघडले.

पुढचा सौदा दोन मिनिटांत झाला. किती खेपा? पाच बोटं आणि वर एक. किती पडतं? तीन बोटं सबंध, म्हणजे तीस हजार. खात्री? मच्छिंद्रनं हात सैल सोडला, नाही. पुंजाराम थोडा थांबला. मग त्यानं मच्छिंद्रचा तळवा मच्छिंद्रच्याच छातीकडं ढकलला. बाजारात याचा अर्थ एकच: पैसे तुम्ही भरायचे.

मच्छिंद्र चाट पडला. त्यानं दीड दाखवलं, निम्मे. पुंजारामनं मूठ आवळली. ऐकू येईल न येईल असं म्हणाला, "मुलीकडचे कोण?"

उपरणं निघालं. पुंजाराम बाजाराकडं वळून खणखणीत आवाजात म्हणाला, "म्या नाडी बघितली! डोकं ठिकान्यावर हाय. मुतखडाच हाय, आन् लई बेकार जागी हाय. मला बी पुन्यांदा धरलाय वाटतं. दोघं संगं जाऊ नगरला!"

माणसांनी मान डोलावली. जनावराच्या नाडीत ज्याचा हात धरणारा नाही, त्यानं माणसाची बघितली म्हटल्यावर शंका कशाला? फक्त मधे मुतखडा कसा, हे कुणाला उमजलं नाही, पण विचारायला धीर झाला नाही.

त्या संध्याकाळी रविराजचा फोन आला आणि चार्जर पुन्हा गरम झाला.

मच्छिंद्रनं सविताला सौदा सांगितला तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली. "इवायाचा बी तोच आजार? आन् पैसं आपन भरायचं?"

"मानपानात धरला त्यानं."

 मच्छिंद्रला वाटलं आता सविता भांडेल. ती उठली, डब्यातून दुधाचे साठवलेले पगार काढले. डेअरी दर दहा दिवसांनी देते ते, असे चार. विहीणबाईंच्या पैठणीसाठी बाजूला टाकलेले.

"द्या त्येला."

"आगं, पैठनीचं..."

"ती बी सदरं हुंगत असंल," सविता म्हणाली.

पुढं एक काष्टीहून, एक शेवगावहून, असे दोन व्याही नगरच्या दवाखान्यातल्या बाकावर शेजारी बसायचे. एकमेकांकडं बघत नसत, बाजारभावाबद्दल बोलत. पुंजारामलाही पहिल्या दिवशी मच्छिंद्रनं रबरी चप्पल घालायला लावली होती.

लग्न ठरल्या दिवशी लागलं. आता हिशेब.

छबूबाईला आपल्या चुकीचं फार वाईट वाटलं. ती रोज सकाळी मुतखड्यावर उतारा म्हणून हुलग्याचं कढण तांब्याभर आणते आणि मच्छिंद्र ते समोर उभं राहून संपवेपर्यंत हलत नाही. ही वसुली चालू आहे. मच्छिंद्रला मशीननं किती फरक पडला, ते तो कुणाला सांगत नाही; डॉक्टर म्हणतो थोडा, सविता म्हणते पाठदुखी गेली. स्वतःचे तीस हजार त्यानंच भरले. पुंजारामचा एक पैसाही गेला नाही, तंबाखूचा तेवढा एक गोळा.

आणि विहीणबाई. लग्नात मुलीकडून त्यांना आली ती साधी नऊशेची साडी. मांडवातच त्या चारचौघींत बोलल्या, आणि अजून शेवगावात कुणीही भेटलं की बोलतात, "सगळ्यांना दिलं हो, मला मातर त्यांनी काहीच दिलं न्हाई." म्हणताना हसतात का, हे निकितालाही अजून कळलेलं नाही. काष्टीच्या घरी लग्नखर्चाची वही आहे, तीत सविताच्या हातची एक ओळ आहे. 'विहीणबाई, पैठणीऐवजी: दुधाचे चार पगार.' भरले सवितानं.